वैशाखातली सासुरवाडी

जावयाने सासुरवाडीला केव्हा जावे याबद्दल आपल्या वाडवडिलांनी बरेच काही सांगून ठेवले आहे. दिवाळसणाला जावे, अधिक महिन्यात तर अवश्य जावे. पण भर वैशाखात, आणि तेही खानदेशात जावे, असे कोणी सांगितल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. मी मराठीचा प्राध्यापक. वाचन हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तरीसुद्धा गेली वीस वर्षे बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात मी सहकुटुंब सहपरिवार लोणखेड्याला जातो, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत आमरस ओरपतो आणि निंबाच्या सावलीत खाट टाकून जिवंत राहतो. कारण सौ.चे माहेर लोणखेड्याचे, आणि खानदेशातल्या लेकी माहेरी येतात त्या आखाजीला. आपण जिला अक्षय्य तृतीया म्हणून श्रीखंडाच्या वाटीवर निकालात काढतो, ती तिकडे आखाजी. दिवाळीपेक्षा मोठी.

२०२५ साली आखाजी ३० एप्रिलला होती. आम्ही दोन दिवस आधीच पुण्याहून रात्रीची बस धरली. नाशिक, मालेगाव, धुळे झोपेत गेले. दोंडाईचा सोडल्यावर पहाट झाली आणि सारंगखेड्याला तापीच्या पुलावर मंडळींना जाग आली. दत्तजयंतीला येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. वैशाखात सारे सुने असते. पूल ओलांडला की दोन्ही अंगांना केळी, पपई, ऊस, आणि उत्तरेला आभाळाच्या कडेला सातपुड्याची निळसर रेघ. शहादा तालुक्याचे हे गाव. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेला हा मुलूख १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आला. शहादा कोठे संपते आणि लोणखेडा कोठे लागते हे नवख्याला पाटी वाचूनच समजायचे. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाची महाविद्यालये लोणखेड्यातच असल्यामुळे सकाळी या बाजूला सायकली आणि स्कूटरींचा लोंढा असतो. पलीकडे पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना. थोडक्यात, ना धड खेडे ना धड शहर. पण अंगणात खाटा अजून आहेत, आणि आमच्यासारख्याला तेवढे पुरते.

भाषेच्या माणसाला तर येथे मेजवानीच. कित्येक घरांत गुजरी, बाजारात अहिराणी, डोंगरात भिली आणि पावरी, आणि शाळेच्या फळ्यावर आमची शुद्ध मराठी. सासूबाई अहिराणी बोलतात. जावई दारात उभा राहिला की त्या ठरलेला प्रश्न विचारतात, "उनात का?" अहिराणीत 'उना' म्हणजे आला, 'उनात' म्हणजे आलात. पुण्याहून नवा आलेला कोणीही गृहस्थ हे ऐकून मनात म्हणतो, किती समजूतदार बाई, उन्हात का आलात म्हणून विचारतात! दोन्ही अर्थ लागू पडतात ही आणखी गंमत. यापुढे त्यांचे बोलणे मी पुणेरी करूनच सांगणार आहे. त्यातला निम्मा रस उडेल, त्याला इलाज नाही.

तर आखाजी. सकाळी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे भोपळा नव्हे. खानदेशात खरबुजाला डांगर म्हणतात. मग खापरावरची पुरणपोळी, जी हातावर फिरवून धोतराएवढी करतात आणि जी करताना पाहून कोणत्याही पुरुषाने स्वयंपाकावर बोलण्याचा हक्क गमावावा. सोबत आमरस, सांजोऱ्या, कुरडया. दुपारी पुरुष मंडळी पत्त्यांचा डाव मांडतात. या दिवशी पत्ते खेळणे पाप धरत नाहीत, इतर दिवशीही फारसे धरत नसावेत. लेकी-सुना गौराई मांडतात, निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणत झोके घेतात. चाळिशी उलटलेली आमची सौ. त्या दिवशी झोक्यावर अशी काही उभी राहते की माझी मुले तोंडात बोट घालतात.

हा सण ऐन वणव्यात का, याचे उत्तर शेतात आहे. रब्बी घरात आलेली असते, खरिपाला पाऊस हवा. मधला महिना जमीन रिकामी, माणूस रिकामा. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे ठरते, तेही यामुळेच. म्हणजे हा कोरडवाहू शेतकऱ्याचा सण आहे. आता तापीकाठी बारमाही बागायत झाली. केळीला आणि उसाला रिकामा महिना ठाऊक नसतो. आमचे मेहुणे, म्हणजे मुलांचे मामा, आखाजीच्या रात्री पुरणपोळी जेवून उठले आणि टॉर्च घेऊन मोटार सुरू करायला मळ्यात गेले. वीज रात्रीची होती. सण जुन्या शेतीचा राहिला आणि कामे नव्या शेतीची आली, अशी त्यांची ओढाताण चालते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या हिरव्यागार पट्ट्याचा इतिहास सगळा हिरवा नाही. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी आणि सालदारांची स्थिती यांवरून याच शहादे तालुक्यात १९७१-७२ च्या सुमारास मोठे आंदोलन उभे राहिले. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना ही त्यातली नावे महाराष्ट्राला तेव्हा परिचित झाली. सासुरवाडीच्या अंगणात आमरसाची वाटी हातात धरून हे लिहिणे जरा अवघड जाते, पण लिहिले नाही तर जेवण पचणार नाही.

या वर्षीच्या उन्हाळ्यात घरात दोन मोठे प्रसंग होते. धाकट्या भाचीचा बारावीचा निकाल, आणि सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन. दुसऱ्याची तयारी मामांनी जोरात चालवली होती. मंडप, तीनशे पाने, गुळाची तुला. अडचण एकच होती. सासूबाईंचे वय किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आधार कार्डावर १ जानेवारी १९५० असे आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या आपल्या देशातल्या अनेक माणसांनी एकाच वेळी, १ जानेवारीला, जन्म घेतलेला आहे, हे आपण जाणतोच. आता हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षे दहा महिने लागतात. कार्ड खरे धरले तर आम्हांला २०३० च्या नोव्हेंबरपर्यंत वाट पाहणे भाग होते. पण सासूबाईंची आई सांगत असे, की नंदुरबारला पोरांवर गोळ्या चालल्या तेव्हा तू माझ्या पोटात होतीस. तो दिवस इतिहासात पक्का आहे. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती तिरंगा हाती घेऊन नंदुरबारच्या चौकात पडले. म्हणजे सासूबाई फार तर १९४३ च्या मे-जूनपर्यंत जन्मल्या असणार, आणि २०२४ चा उन्हाळा सरण्यापूर्वीच त्यांच्या हजार पौर्णिमा पुऱ्या झाल्या. घरात दोन पक्ष पडले. पुतण्याचे म्हणणे, सरकारी कागद तो कागद. मामांचे म्हणणे, आजीच्या आईपेक्षा सरकारला जास्त कळते काय?

हा वाद आखाजीच्या दुपारी चालला असता सासूबाई झोक्याजवळ बसून डांगर चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "चंद्र कोणी मोजले? मला माझ्या आखाज्या मोजता येतात."

"कोणत्या आखाज्या?"

"माहेरच्या. चौदा."

एकदम सगळे गप्प झाले. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या या घरात आल्या. त्यानंतर पासष्टएक आखाज्या झाल्या असतील. त्यांतल्या चौदा त्यांना माहेरी मिळाल्या. माहेर तरी कोठे? प्रकाशाला. मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण खानदेशात लेक आपल्या पायांनी माहेरी जात नाही. माहेराहून मूळ यावे लागते. भाऊ किंवा भाच्चा न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला, सासूने हो म्हटले, तर लेक निघाली. सासूबाईंनी हिशेब बोटांवर मांडला. एका वर्षी थोरल्याला गोवर. एका वर्षी सासूचा पाय मोडलेला. बहात्तरच्या दुष्काळात भाऊ आला, पण खाणारी तोंडे आणखी न्यायची कशी म्हणून ह्यांनीच त्याला पाणी पाजून परत लावले. नणंदांच्या आखाज्या म्हणजे पुरणपोळ्या लाटायला घरात सून हवीच. एकीची आखाजी पिकायची तर दुसरीची जळायची. पुढे भाऊ थकला. भाऊ गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. भाचे पोटासाठी सुरतेला गेले. त्यानंतर मूळ आलेच नाही.

हे सगळे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. चौदांपैकी प्रत्येक आखाजीला काय खाल्ले, कोणते लुगडे मिळाले, कोणाशी भांडण झाले, हे त्या सांगत सुटल्या. झोका मात्र बराच वेळ रिकामा राहिला.

५ मे रोजी निकाल लागला. भाचीला चांगले गुण मिळाले. शेजारीच महाविद्यालय असताना तिने राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे डोळे लावले होते, आणि त्यावरून घरात आधीच थोडी धुसफूस होती. पेढे वाटले गेले. सासूबाईंनी नातीच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि विचारले, "राहुरीहून आखाजीला कोण आणील गं तुला?" ती म्हणाली, "मी येईन की, बसने!" सासूबाईंना हे उत्तर पटले नाही. बसने येणे म्हणजे येणे, आणणे वेगळे.

त्या मे महिन्यात अवकाळी पावसाने राज्यभर धुमाकूळ घातला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. आमच्याकडे तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. पाच वाजता पश्चिमेला मातीचा पिवळा पडदा उभा राहिला, खाटा अंगणातून उडाल्या, पत्रे वाजू लागले. पाऊस फार नव्हता. वारा होता. मामा दारात उभे राहून कान देत होते. केळीचे खोड मोडते तेव्हा लाकडासारखा कडाका होत नाही, ओला, दबका आवाज होतो; आणि घरापासून मळा जवळ नव्हता, तरी ते ऐकत होते असे मला वाटले.

सकाळी आम्ही गेलो. अडीच एकरांत साडेतीन हजार खोडे, सगळी निसवलेली, महिन्याभरात काढणीला येणारी. त्यांतली निम्म्याहून जास्त आडवी. तिकडे याला 'बाग झोपली' म्हणतात. खरोखर एकाच दिशेला तोंड करून झोपल्यासारखी दिसत होती, प्रत्येकीच्या कुशीत कच्चा घड. असा घड व्यापारी घेत नाही. उलट पडलेली खोडे कापून शेत मोकळे करायला मजुरी घालावी लागते. मामा एका खोडाजवळ बसले, घडाच्या फण्या मोजल्या, आणि उठून म्हणाले, "पंचनाम्याला तलाठी आप्पांना कळवायला पाहिजे." एवढेच. मी काही समजुतीचे बोलणार होतो, पण साहित्यात या प्रसंगाला लागणारे वाक्य मला आठवले नाही.

मंडप रद्द झाला. ते सासूबाईंनीच सांगितले, आणि असे सांगितले की मामांना नाही म्हणायला जागा राहिली नाही. आधीच ठरलेली नात्यातली तीन लग्ने मात्र आम्ही जेवलो. त्यांविषयी सांगण्यासारखे इतकेच, की तिन्ही ठिकाणी बँडवाला एकच होता.

मुलांना तोरणमाळ दाखवायचे कबूल केले होते. मामा म्हणाले, "जाऊन या. येथे बसून काय झाडे उभी राहणार आहेत?" शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत पन्नासेक किलोमीटर. मग सातपायरीचा घाट. वळणावळणावर खालचा मुलूख धुरकट होत जातो आणि वारा अंगाला लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीचे हे ठिकाण. महाबळेश्वराची गर्दी येथे नाही आणि येऊही नये. यशवंत तलाव, गोरखनाथाचे मंदिर, सीताखाईची दरी. माझ्या चिरंजीवांनी पंधरा दिवसांत प्रथमच अंगावर सदरा टिकवला.

पण माझ्या लक्षात राहिले ते वाटेतल्या एका पावरा वस्तीवरचे अंगण. हा अक्राणीचा, म्हणजे धडगावचा डोंगर. येथला आमचूर प्रसिद्ध. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, खडकावर नाहीतर अंगणात पसरायच्या. ऊन जितके कडक तितकी फोड पांढरी, आणि जितकी पांढरी तितका भाव. पाऊस लागला की फोड काळी पडते. अंगणात दोन ढीग होते, एक पांढरा आणि एक काळा. काळा मोठा होता. म्हातारी बाई काळ्यातून बऱ्यातल्या बऱ्या फोडी निवडून वेगळ्या करत होती. तोच वारा, तोच पाऊस. मुलीने एक फोड मागितली, तेव्हा तिने पांढऱ्या ढिगातली उचलून दिली आणि पैसे घेतले नाहीत. लोणखेड्याच्या केळीचा पंचनामा होईल. डोंगरातल्या या काळ्या ढिगाचा होतो का, हे मी परतीच्या वाटेवर मामांना फोनवर विचारले. ते हसले, बोलले नाहीत.

परतल्यावर सौ.ने भावाशी काहीतरी खलबत केले. दोन दिवसांनी सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. एकोणीस-वीस वर्षांचा, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला एक मुलगा उतरला. प्रकाशाच्या भाच्च्याचा हा मुलगा. आईबाप सुरतेला, हा घरच्या शेतासाठी मागे राहिलेला. चष्मा काढून तो सासूबाईंच्या पाया पडला आणि पढवून पाठवल्यासारखे म्हणाला, "आजी, मूळ आलंय. मी मुराळी."

सासूबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळले. नाक भावाचे आहे म्हणाल्या. मग शंका काढली, की आखाजी तर होऊन गेली. मामांनी माझ्याकडे पाहिले, मी पंचांगाकडे पाहिले. परंतु निकाल त्यांनीच दिला. वैशाख सरला नाही तोवर आखाजीच. पत्र्याच्या पेटीतून हिरवे लुगडे निघाले. मोटारसायकलवर जायचा त्यांचा हट्ट होता, तो मात्र कोणी चालू दिला नाही. मुराळी पुढे आणि आमची जीप मागे, अशी वरात निघाली.

प्रकाशा हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे क्षेत्र. दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचे दर्शन झाले, संगमेश्वराचे झाले. सासूबाईंची नजर मात्र नदीवर होती. पाणी काठोकाठ, मे महिन्यात. बॅरेज बांधल्यापासून तापी येथे उन्हाळ्यातही भरलेली असते, आणि मामांच्या व्यवसायाच्या दृष्टीने याहून चांगले काय! पण सासूबाई बोट दाखवून सांगत होत्या, तेथे वाळू होती, वाळूत डांगराच्या वाड्या होत्या; आखाजीच्या घागरीवरचे डांगर आमच्या घरून गावभर जाई. आता डांगर बाजारातून आणतात.

गावातून जाताना एका उंचवट्यापाशी त्यांनी जीप थांबवायला लावली. "येथे खणत होते," त्या म्हणाल्या. "साहेब लोक फुटकी मडकी खणून काढायचे आणि धुऊन, पुसून ठेवायचे. आमची आई म्हणायची, असली मडकी तर आमच्याकडे रोज फुटतात. मी भावाला कडेवर घेऊन बघायला यायची. बारा-तेरा वर्षांची होते."

मी सरसावून बसलो. प्रकाशाचे उत्खनन पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी १९५५ साली केले. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर तेथे एकावर एक निघाले. १९५५ साली बारा-तेरा वर्षांची मुलगी १९४३ च्या आसपास जन्मलेली असणार. कार्डावरची पाच वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन येणार नाही. ताबडतोब फोन करून मी पुतण्याला हे कळवले. आधार कार्डाविरुद्ध चार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांची साक्ष काढल्याचे समाधान मला फार दिवसांनी मिळाले. सासूबाईंना त्यात काही गोडी वाटली नाही. त्यांचे लक्ष पुढच्या गल्लीतल्या एका दाराकडे होते.

घर अर्धे पडलेले, अर्धे नवे. दारात शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या होत्या, त्यांतली एक चष्मा सावरत म्हणाली, "उनी का?" आली का! ऐंशी पार केलेल्या बाईला 'आलात का' म्हणणारे जग मागे राहिले होते. येथे 'आली का' म्हणणारे कोणीतरी शिल्लक होते. मुराळ्याने कोणाच्या तरी मदतीने खापराची पोळी करवून ठेवली होती. ती जराशी करपली होती आणि सासूबाईंनी दोन खाल्ल्या. दुपारी त्या तिघी ओसरीवर ज्या बसल्या त्या उठेचनात.

संध्याकाळी मामांनी निघायची भाषा काढली. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी आलेली लेक त्याच दिवशी परत जाते होय?"

आम्हांला रविवारी पुण्याला परतायचे होते. महाविद्यालयाची परीक्षेची कामे होती. रविवारपर्यंत त्या आल्या नाहीत. मामांनी मळ्यात पडलेली खोडे कापून बांधावर ओढली होती आणि उभ्या राहिलेल्या झाडांना टेकू लावले होते. भाचीचा राहुरीचा अर्ज माझ्याच मदतीने भरून झाला होता, मामांनी त्यावर सही केली होती. बसमध्ये बसल्यावर सौ.ने प्रकाशाला फोन लावला. पलीकडे बराच कलकलाट होता. मी विचारले, "केव्हा येतो म्हणतात?"

"विचारलं. म्हणाली, पंधरावी आहे, घाई करू नका."